हेट क्राइमचा कायदा म्हणजे मनातल्या विचाराला शिक्षा नाही का?

पार्सिपनीचा_पाटील

नमस्कार मंडळी, इथे कायद्यातले लोक बरेच दिसतात म्हणून विचारतोय. मागच्या आठवड्यात इथे न्यू जर्सीत आमच्याकडच्या देशी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये मी आणि आई सामान डिकीत टाकत होतो. आई सध्या इकडे आलीये, साडी आणि कपाळाला बऱ्यापैकी मोठी टिकली असा तिचा नेहमीचा अवतार. शेजारून एक पिकअप ट्रक गेला, आतल्या माणसाने काच खाली करून "आपल्या देशात चालते व्हा" असं ओरडून वर टिकलीवरून काहीतरी घाण बोलला आणि गेला. उतरला नाही, हात लावला नाही, काही फेकलंही नाही. आईला शब्द कळले नाहीत पण सूर कळला, घरी येईपर्यंत गप्प होती.

पोलिसांना फोन केला. आलेला ऑफिसर बोलायला एकदम चांगला, सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला की हा गुन्हा होत नाही, पण आम्ही बायस इन्सिडेंट, म्हणजे द्वेषातून घडलेली घटना, म्हणून नोंद ठेवू. मी विचारलं गुन्हा कधी झाला असता, तर म्हणे त्याने हेच बोलत तुमच्या गाडीचा आरसा फोडला असता तर आरशाचा गुन्हा आणि वरून हेट क्राइमचं, म्हणजे द्वेषातून केलेल्या गुन्ह्याचं, वेगळं कलम.

आता माझं डोकं इथे अडकलंय. नुसतं बोलला, शून्य शिक्षा. नुसता आरसा फोडला, थोडी शिक्षा. बोलत बोलत आरसा फोडला तर एकदम जास्त. मग ती वरची शिक्षा कशाची, बोलण्याचीच ना? आणि बोलण्याला तर शिक्षा नाही म्हणता! ऑफिसमधला एक गोरा मित्र हेच म्हणतो की हे कायदे म्हणजे माणसाच्या डोक्यात शिरून शिक्षा करणं आहे. उलट पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो अरे इकडे असतास तर पाच मिनिटांत एफआयआर झाला असता. यातलं बरोबर काय ते मला कुणीतरी नीट सांगा, लिंका नकोत, लिंका मी पण शोधू शकतो.

जर्सीची_काकू

पाटील, आधी आईंना माझा नमस्कार सांगा आणि टिकली काढू नका म्हणावं. कायदा मला कळत नाही पण हा कायदा या राज्यात का आला ते मी बघितलंय, आम्ही ८४ ला जर्सी सिटीत आलो तेव्हापासून.

८७ चा उन्हाळा. तिकडच्या लोकल पेपरात एक पत्र छापून आलं, खाली सही डॉटबस्टर्स. डॉट म्हणजे ही आपली टिकली. भारतीयांना जर्सी सिटीतून घालवण्यासाठी आम्ही कुठल्याही थराला जाऊ असं सरळ लिहिलेलं, आणि आम्ही फोनबुकमध्ये पटेल नाव शोधतो असंही. तुम्ही पाटील असता तरी त्यांना काय फरक कळणार होता म्हणा. आमच्या मजल्यावरच्या एका गुजराती बाईने दुसऱ्या दिवशी फोन कंपनीला सांगून नाव यादीतून काढायला लावलं, आणि पाथ ट्रेनला जाताना आम्ही बायका जिन्यातच कुंकू पुसायचो आणि ऑफिसात बाथरूममध्ये परत लावायचो. त्या सप्टेंबरमध्ये होबोकेनला एका पारशी तरुणाला पोरांच्या टोळक्याने इतकं मारलं की तो गेला. बँकेत चांगल्या नोकरीवर होता. टिकली लावणाऱ्यातला तो नव्हताच, पण मारणाऱ्यांना तेवढं कुठलं कळायला. पुढे कोर्टात मारहाणीचा दोष ठरला, खुनाचा नाही. वंशद्वेषाने मारलं हे कायद्याच्या कागदावर कुठे आलंच नाही.

मग आपले लोक रस्त्यावर आले, मोर्चे काढले, कोलंबियाची आणि इतर कॉलेजची पोरं पण होती, आणि १९९० ला न्यू जर्सीने कायदा केला. तेव्हा आरशाला वेगळं कलम का असं विचारणाऱ्याला मी एवढंच सांगते की आरसा एकाचा फुटतो आणि गल्लीतली पन्नास घरं रात्री दिवे बंद करून बसतात. मी बसलेय.

कोर्टकचेरी

काकूंनी कारण सांगितलं, मी कोर्टाचं सांगतो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

पाटील, तुमचा प्रश्न अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे जवळपास याच शब्दांत आला होता. विस्कॉन्सिनमधलं केनोशा, १९८९. काही काळी पोरं एका सिनेमातल्या सीनवर बोलत होती, त्यात गोरा माणूस एका काळ्या मुलाला मारतो. तेवढ्यात रस्त्याने चौदा वर्षांचा एक गोरा पोरगा चाललेला, यांच्यातला टॉड मिचेल म्हणाला तो बघा गोरा, धरा त्याला. पोराला इतकं मारलं की तो चार दिवस कोमात होता. मारहाणीची कमाल शिक्षा दोन वर्षं, पण बळी वंश बघून निवडला म्हणून कायद्याने ती मर्यादा सात वर गेली आणि मिचेलला चार वर्षं लागली. विस्कॉन्सिनच्या सुप्रीम कोर्टाने तुमच्या ऑफिसमधल्या मित्रासारखंच म्हटलं, ही विचाराला शिक्षा आहे, कायदा रद्द. वरच्या सुप्रीम कोर्टाने १९९३ ला नऊ विरुद्ध शून्य मतांनी तो निकाल फिरवला. युक्तिवाद साधा आहे. हेतू बघून शिक्षा कमीजास्त करणं कोर्ट कायमच करत आलंय, पैशासाठी केलेला खून आणि रागाच्या भरात झालेला खून एका मापाने मोजत नाहीत. नोकरीवरून काढणं बेकायदा नाही पण वंश बघून काढलं तर बेकायदा, तिथे कुणी म्हणत नाही की मालकाच्या विचाराला शिक्षा झाली. शिक्षा निवडीला आहे. बोलणं हा त्या निवडीचा पुरावा.

म्हणजे तुमच्या गणितात "बोललेले शब्द" अशी वेगळी रक्कम नाहीच. आरसा मुकाट्याने फोडला आणि नंतर फोनमध्ये सापडलं की हा माणूस देशी लोकांच्याच गाड्या शोधत फिरत होता, तरी तेच कलम लागेल. आणि उलट, पार्किंगच्या जागेवरून भांडण होऊन फोडला आणि रागात एक शिवी निघाली, तर बचावाचा वकील म्हणणार भांडण जागेचं होतं, आणि ज्युरीला ते पटू शकतं.

आता याच्या एकच वर्ष आधीची केस बघा. मिनेसोटातलं सेंट पॉल, १९९०. काही पोरांनी खुर्चीचे तुटलेले पाय चिकटवून क्रॉस बनवला (क्रॉस जाळणं ही इकडे काळ्यांना घाबरवायची जुनी खूण) आणि मध्यरात्री एका काळ्या कुटुंबाच्या कुंपणाच्या आत नेऊन जाळला. शहराचा एक नियम होता की वंश, धर्म वगैरेवरून लोकांत राग किंवा भीती पसरवणारी चिन्हं लावली तर गुन्हा. १९९२ ला सुप्रीम कोर्टाने तो नियम उडवला. जस्टिस स्कॅलियांनी निकाल लिहिला. म्हणाले दुसऱ्याच्या आवारात आग लावली, घुसला, धमकी दिली, त्यासाठी हवी तेवढी कलमं आहेत ती लावा, पण ठराविक विषयावरचेच शब्द तेवढे गुन्हा असं शहराला ठरवता येणार नाही. २००३ ला व्हर्जिनियाच्या केसमध्ये आणखी बारकावा आला, घाबरवायच्या उद्देशाने क्रॉस जाळला तर बंदी घालता येते, पण नुसता जाळला म्हणून उद्देश होताच असं धरून चालता येत नाही, तो सिद्ध करा. काकूंनी सांगितलेलं ते डॉटबस्टर्सचं पत्र आज कुणी लिहिलं तर भांडण याच रेषेवर होईल, मत आहे का धमकी.

न्यू जर्सीचा तर यात वेगळाच मान आहे. १९९४ च्या डिसेंबरात व्हाइनलंडमध्ये एकाने शेजारी नव्याने राहायला आलेल्या काळ्या कुटुंबाच्या घरावर गोळ्या झाडल्या. पोलिसांना म्हणाला मला हे लोक इथे नकोत, नंतर म्हणाला मी असं बोललोच नाही. गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षं, जजने द्वेषाचा हेतू आपल्या पातळीवरच मान्य करून बारा दिली. २००० साली सुप्रीम कोर्ट म्हणालं हे चालणार नाही, शिक्षेची मर्यादा वाढवणारी गोष्ट ज्युरीपुढे आणि संशयापलीकडे सिद्ध झाली पाहिजे. आरोपीच्या नावावरून ॲप्रेंडी म्हणतात त्या केसला, आज अमेरिकेतला प्रत्येक फौजदारी वकील दिवसातून दोनदा हे नाव घेतो आणि मुळात ती हेट क्राइमची केस होती हे निम्म्यांना आठवत नसेल.

तेव्हा ट्रकवाल्याला अटक नाही यात पोलिसाची टाळाटाळ नाहीये. धमकी नाही, पाठलाग नाही, एकदा ओरडून गेला. ते घाण आहे पण इथे घाण बोलायला मुभा आहे. नोंद मात्र ठेवलीच पाहिजे, कारण उद्या त्याच ट्रकने कुणाचा आरसा खरंच फोडला तर ही नोंद हेतू दाखवायला कामाला येते.

तिरकस_तात्या

कोर्टकचेरी, लिहिलंत छान पण मलई तेवढी वाढलीत, खालची खरवड पण वाढा की.

पहिलं, तुमची ती ९३ ची केस. काळ्यांना वाचवायला म्हणून आणलेला कायदा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला तो काळ्याच पोरावर. हा योगायोग समजायचा का? पोलिसाच्या हातात जे कलम देता ते तो कुणावर लावेल हे तुमच्या हातात नसतं.

दुसरं, पुराव्याचं. बोलणं हा नुसता पुरावा असं म्हटलं की मागची दहा वर्षं काय वाचलं, काय शेअर केलं, कुठल्या ग्रुपात होता, सगळं कोर्टात येणार. आज माझ्या व्हॉट्सॲपवरचे शाळेच्या ग्रुपातले फॉरवर्ड काढले तर माझ्यावर जगातल्या सगळ्या जमातींच्या द्वेषाची केस उभी राहील, आणि मी ते उघडून बघितलेलेसुद्धा नसतात.

तिसरं आणि महत्त्वाचं, जर्सीचीच २०१० ची रटगर्स युनिव्हर्सिटीची केस, ती का गाळली? आपल्याच भारतीय वंशाचा अठरा वर्षांचा पोरगा, हॉस्टेलमध्ये रूममेटच्या खासगी क्षणावर वेबकॅम लावला, रूममेट गे होता, काही दिवसांत त्याने आत्महत्या केली. केलं ते नीचच होतं, त्याबद्दल शब्द नाही. पण ज्युरीने त्याला बायसच्या कलमात दोषी धरलं त्यात काही ठिकाणी मुद्दा असा होता की याचा हेतू काय होता ते राहू द्या, त्या मुलाला काय वाटलं असणार. आणि तो मुलगा तर सांगायला जिवंत नाही! दुसऱ्याला काय वाटलं यावर मला आत टाकणार असाल तर मग आमच्या सोसायटीच्या मीटिंगमधून एक माणूस बाहेर राहणार नाही.

कोर्टकचेरी

तात्या, रटगर्सची गाळली नव्हती, बोटं दुखायला लागली होती. तुमचा तिसरा मुद्दा बरोबर आहे आणि न्यू जर्सीच्या कोर्टालाही तो पटला. २००७ ची एक केस होती, ग्लॉस्टर टाउनशिपच्या कामगारांची. दोघातिघांनी मिळून एका काळ्या सहकाऱ्याला सामान ठेवायच्या जाळीच्या खोलीत काही मिनिटं कोंडलं आणि कुणीतरी केळं टाका म्हटलं. ज्युरीने म्हटलं याचा घाबरवायचा हेतू सिद्ध होत नाही, पण बळीला तसं वाटणं साहजिक होतं म्हणून त्या पोटकलमात दोषी. असं पोटकलम देशात एकट्या न्यू जर्सीत होतं. २०१५ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, कारण माणसाला आपण गुन्हा करतोय की नाही हे दुसऱ्याच्या मनात डोकावल्याशिवाय कळणार नसेल तर तो कायदा कसला. आणि त्याच धाग्याने २०१६ ला रटगर्सच्या मुलाची शिक्षा अपिलात रद्द झाली, शेवटी त्याने एकाच कलमात दोष कबूल करून विषय संपवला. आधी मिळालेली शिक्षाही तीसच दिवसांची होती हेही सांगून टाकतो.

तुमच्या फॉरवर्डसाठी पण एक केस आहे, १९९२ ची डेलावेअरची. आरोपी एका वंशवादी टोळीचा सभासद आहे हे शिक्षा ठरवताना सांगितलं, पण खुनाशी त्या टोळीचा काही संबंधच नव्हता. सुप्रीम कोर्ट म्हणालं, नुसतं कुठल्या विचाराचा आहे हे सांगून शिक्षा वाढवता येणार नाही, गुन्ह्याशी धागा दाखवा. म्हणजे शाळेचा ग्रुप सुरक्षित आहे, नका सोडू.

निळी_पहाट

एवढं सगळं वाचलं. हेट क्राइम म्हणजे कायतरी अमेरिकेची गोष्ट आहे अशा थाटात चाललंय म्हणून लिहिते. आपल्याकडे हा कायदा १९८९ पासून आहे, त्याला अॅट्रॉसिटी म्हणतात आणि हे नाव घेतलं की गावात लोक दुरुपयोग दुरुपयोग करत उठतात.

माझं मूळ गाव बीड जिल्ह्यात. वडिलांनी तालुक्याच्या ठाण्यात एकदा तक्रार दिली होती, पाण्याच्या टाकीवरून जातीवाचक शिवी दिली म्हणून, चारचौघांत. ठाणे अंमलदाराने पहिला प्रश्न काय विचारावा, नेमका कोणता शब्द वापरला ते सांगा, आणि तो शब्द त्यांना परत परत स्वतःच्या तोंडाने बोलायला लावला, मग म्हणे साक्षीदार कोण. टाकीवर पन्नास माणूस होतं, साक्षीला एक आलं नाही. गावात राहायचं असतं ना सगळ्यांना.

तर इथे जे चाललंय की शिवी म्हणजे अभिव्यक्ती, तिला हात लावायचा नाही, हे मला मान्य नाही. शिवी हे मत नाहीये. मत असलं तर मी वाद घालीन, आरक्षण नको म्हणा, बाबासाहेबांवर टीका करा, वाचून करा म्हणजे झालं, मी उत्तर देते. पण टाकीवर उभं राहून जातीचं नाव घेऊन ओरडणं म्हणजे पाण्याला हात लावू नको असं सांगणं आहे, मागच्या शंभर पिढ्यांना जे सांगितलं तेच. म्हणून कायद्यात ते कलम आहे आणि त्यातही अट आहे, अपमान करायचा हेतू पाहिजे आणि लोकांना दिसेल ऐकू येईल अशा जागी पाहिजे. चार भिंतींच्या आत बोललं तर लागू नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२० ला पुन्हा सांगितलंय. म्हणजे तुम्ही समजता तसं कुणाच्याही तोंडाला कुलूप नाही.

आणि तो हेतूचा खेळ आमच्यावर कसा उलटतो ते बघा. खून बलात्कारासारख्या मोठ्या गुन्ह्यांसाठी जे कलम होतं त्यात शब्द होते की पीडित दलित आदिवासी आहे *या कारणावरून* गुन्हा केला पाहिजे. ते कारण सिद्ध कसं करायचं? मारणारा काय लिहून ठेवतो का? खैरलांजी, २००६, भंडारा जिल्हा, एका घरातली चार माणसं, आई, मुलगी, दोन मुलं. आधी साक्ष दिल्याचा राग होता म्हणून सूडातून झालं असं धरलं, खालच्या कोर्टाने अॅट्रॉसिटी लावली नाही, हायकोर्टानेही नाही. सूड होताच, पण गावातल्या दुसऱ्या जातीच्या माणसाने साक्ष दिली असती तर त्याच्या घरावर अख्खं गाव असं चालून गेलं असतं का हा प्रश्न विचारायचा कुणी? कोर्टकचेरींनी पार्किंगचं उदाहरण दिलं, भांडण जागेचं होतं असं वकील म्हणेल. हो, म्हणेलच. आमच्याकडे कायम भांडण बांधाचंच असतं.

शेवटी २०१५ ला दुरुस्ती झाली, २०१६ च्या २६ जानेवारीपासून लागू, आता पीडित त्या समाजाचा आहे हे *माहीत असून* गुन्हा केला की बस. गावात कोण कुणाचं हे माहीत नसलेला माणूस दाखवा.

आणि पाटील, तुम्हाला नाही म्हणत, पण तिकडच्या आपल्या लोकांना एक विचारायचंय. सिएटलने २०२३ ला जातीवरून भेदभावाला बंदी घातली, कॅलिफोर्नियातही तसं बिल पास झालं आणि गव्हर्नरने व्हेटो केलं. त्या बिलाच्या विरोधात सह्या गोळा करणारे बहुतेक आपलेच होते. टिकलीवरून कुणी बोललं तर कायदा पाहिजे, जातीवरून बोललं तर नको, असं कसं जमायचं.

पार्सिपनीचा_पाटील

ताई, शेवटचं लागलं. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर ती सह्यांची लिंक आली होती, मी सही केली नव्हती पण काही बोललोही नव्हतो. असो.

पण मग चुलतभावाचं काय, भारतात खरंच पाच मिनिटांत एफआयआर होतो का?

नागपुरी_खर्डेघाशी

होतो ना भाऊ, पण कुणाचा होतो ते महत्त्वाचं. मी इकडे जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो, जे बघतो ते सांगतो.

जुन्या दंड संहितेतलं १५३अ, आता भारतीय न्याय संहितेत कलम १९६, दोन समाजांत वैर पसरवणं. जुनं २९५अ, आता २९९, धार्मिक भावना मुद्दाम दुखावणं, हे इंग्रजांनी १९२७ ला आणलं. दोन्हीत तीन वर्षांपर्यंत शिक्षा, दोन्ही दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय उचलतो. उचलल्यावर गंमत सुरू होते. कोर्टाला केस पुढे चालवायला सरकारची मंजुरी लागते. सरकार कुणाचं, मंजुरी कुणाविरुद्ध मागताय, यावर फाईल धावते का धूळ खाते ते ठरतं. मंचावरून माईकवर आग ओकणाऱ्याची फाईल वर्षानुवर्षं कपाटात आणि फेसबुकवर दोन ओळी लिहिणारा कॉलेजचा पोरगा रात्रभर कोठडीत, हे मी डोळ्याने बघतो.

पालघर आठवतंय? नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब गेले, मुंबई बंद झाली. एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की बंद आदरापोटी नाही भीतीपोटी आहे, अशा अर्थाचं. दुसरीने नुसतं लाईक केलं. दोघींना अटक. कुणाच्या जिवाला धोका नव्हता, दंगल नव्हती, तोडफोड झाली ती पोस्टवाल्या मुलीच्या काकाच्या दवाखान्याची. त्यातून पुढे आयटी ॲक्टचं ६६अ, ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिण्यावरचं कलम, सुप्रीम कोर्टाने २०१५ ला रद्द केलं, आणि त्यात नीट सांगितलं की चर्चा करणं वेगळं, एखाद्या मताचा कितीही कडक प्रचार करणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं, कायदा फक्त तिसऱ्याला हात लावू शकतो.

आणि आमच्या नागपूरचं एक कौतुक सांगतो. स्वातंत्र्याच्या तोंडावर इथल्या हायकोर्टात जस्टिस व्हिव्हियन बोस यांनी लिहून ठेवलंय की शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर, धीट, समजदार माणसाच्या मापाने, प्रत्येक विरोधी मतात धोका बघणाऱ्या डळमळीत मनाच्या मापाने नाही. ऐंशी वर्षं होत आली, सुप्रीम कोर्ट आजही तेच वाक्य काढतं. २००७ ला शिवाजी महाराजांवरच्या एका अमेरिकन प्राध्यापकाच्या पुस्तकावरून पुण्यात १५३अ लावलं होतं ते रद्द करताना काढलं, मार्च २०२५ ला एका खासदाराने टाकलेल्या कवितेवरून गुजरातमध्ये झालेला एफआयआर रद्द करताना परत काढलं. पण ठाण्यातल्या हवालदाराला बोस साहेब कोण ते सांगणार कोण? सुप्रीम कोर्टात जिंकेपर्यंत माणसाची चार पाच वर्षं गेलेली असतात, वकिलाची फी वेगळी, ती मी पण घेतो.

आता माझं खरं दुखणं. आपल्याकडे शब्दांवर कलमं ढीगभर आणि द्वेषातून केलेल्या कृतीवर, अॅट्रॉसिटी सोडली तर, कालपरवापर्यंत काही नव्हतं. अमेरिकेत बरोबर उलटं. हडपसरची २०१४ ची केस घ्या. फेसबुकवर कुणीतरी महाराजांचे आणि बाळासाहेबांचे विकृत फोटो टाकले, त्यावरून पुण्यात तणाव, आणि नमाज पढून घरी चाललेल्या एका तरुण आयटीवाल्याला हॉकी स्टिकने मारून टाकलं. त्या पोस्टशी त्याचा काही संबंध नव्हता, दाढी आणि टोपी एवढंच. २०१७ ला काही आरोपींना हायकोर्टाने जामीन दिला. आणि ऑर्डरमध्ये काय लिहिलं, की आरोपींचं मृताशी वैयक्तिक वैर नव्हतं, त्याचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, आणि ही बाब आरोपींच्या बाजूने धरतो. पाटील, तुमच्या गणितात दोन आणि दोन मिळून वाढत होतं ना, इथे वजा झालं! जिथे शिक्षा वाढवायची ती गोष्ट जामिनाचं कारण झाली. फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला, म्हणाले मयत कुठल्या समाजाचा हे हल्ल्याचं समर्थन होऊच शकत नाही. पुढे २०२३ ला पुराव्याअभावी सगळे सुटले ते वेगळंच.

तिरकस_तात्या

पण म्हणून आता नवीन हेट क्राइम कायदा आणा म्हणाल तर मी म्हणेन त्याचीही मंजुरीची फाईल त्याच कपाटात जाणार. निळी पहाट ताईंचं टाकीवरचं पटलं, शिवी हे मत नाही, मान्य. पण शिवी कुठे संपते आणि बोचरं मत कुठे सुरू होतं हे ठरवणार तोच ठाणे अंमलदार ना, ज्याने तुमच्या वडिलांना तो शब्द परत परत बोलायला लावला?

निळी_पहाट

तात्या, तो माणूस वाईट आहे म्हणून कायदा नको, हे कसलं लॉजिक? कायदा नव्हता तेव्हाही तोच बसलेला होता तिथे, तेव्हा तर आम्हाला आतच घेत नव्हता. आता निदान तक्रार घेतली नाही तर त्याच्यावर पण कलम आहे त्याच कायद्यात, कलम ४. लागतं किती वेळा ते सोडा. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने अटकेआधी परवानगी पाहिजे, आधी चौकशी पाहिजे म्हणून अॅट्रॉसिटी कायद्याची हवा काढली, ती केस पण आपल्याच कराडची, मग भारत बंद झाला, माणसं मेली, तेव्हा संसदेने त्याच वर्षी परत पूर्ववत केलं. कागदावर टिकवायलाच एवढं करावं लागतं.

जर्सीची_काकू

भांडा हो, पण मला एक सांगा, तो नवा कायदा आलाय ना भारतात, मॉब लिंचिंगचा, त्यात आता कृतीवर कलम आलं म्हणतात. मग खर्डेघाशी भाऊंचं दुखणं गेलं की.

नागपुरी_खर्डेघाशी

आलंय काकू, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेत, कलम १०३ चं पोटकलम २. पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केला तर टोळीतल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. यादी नीट वाचा, धर्म हा शब्द त्यात नाही. समुदायात किंवा श्रद्धेत बसवता येईल, बसवतीलही, पण लिहिताना का गाळला ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

पार्सिपनीचा_पाटील

आणि चारच जण असतील तर?

नागपुरी_खर्डेघाशी

मग साधा खून, पोटकलम १. फाशी किंवा जन्मठेप.

पार्सिपनीचा_पाटील

म्हणजे शिक्षा तीच?

नागपुरी_खर्डेघाशी

तीच.